ओढणारी गाडी

वेंडेल ऑस्ट्रमवर स्वतःसाठी पिकअप निवडायची वेळ आली ती वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आणि तीही अकरा दिवसांच्या मुदतीत. तोवर त्याला सगळं आयतं मिळालं होतं. मेंढ्या कातरायचा धंदा सासऱ्यांचा. कातरणीचा ट्रेलर सासऱ्यांनी स्वतः वेल्डिंग करून बांधलेला. तो ओढणारी पिकअपही त्यांचीच. सासरे, हार्लन, जाऊन सहा वर्षं झाली होती, पण पिकअपच्या दारावरचं त्यांचं नाव वेंडेलने पुसलं नव्हतं. कशाला पुसायचं? गाडी चालत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती चालेनाशी झाली.

त्या दिवशी वेंडेल हंगामातलं पहिलं काम उरकून घाटापलीकडून केंड्रिकला, आपल्या गावी, परत येत होता. शेजारी एल्मेर किस्पे बसला होता. एल्मेर पेरूचा, कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम. चौदा वर्षं तो दर फेब्रुवारीला यायचा आणि गेली सहा वर्षं टोळीच्या व्हॅनमध्ये न बसता वेंडेलशेजारी बसायचा. मागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं कातरणघरच: सहा जणांसाठी सहा खण, मेंढ्यांनी एकामागोमाग चढून यावं म्हणून लोखंडी बोळ, आणि विजेसाठी जनरेटर. त्याची पुढे आलेली लोखंडी मान पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात टेकवलेली.

एल्कहॉर्न घाट अर्धा उतरून झाल्यावर जळका वास आला. मग ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ झालं, आणि पुढच्या वळणाला ते लोण्यात रुतावं तसं तळाला गेलं. वेंडेलने गिअर जबरदस्तीने खालचा टाकला. इंजिन किंचाळायला लागलं. एल्मेरने वरची मूठ धरली आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागला. तीन वळणं गाडी कशी घेतली, ते वेंडेलला पुढे कधीच नीट आठवलं नाही. चौथ्याच्या आधी खालून धाडकन आवाज आला, गिअरबॉक्सचा चुरा झाला, आणि नशीब असं की तिथेच रस्ता नदीकाठच्या सपाटीला लागला. अर्धा मैल गाडी आपली आपण धावली आणि थांबली.

एल्मेर खाली उतरला आणि त्याने चाकांना दगड लावले. रस्ता अगदी सपाट होता, तरी त्याने पुढूनही लावले आणि मागूनही.

गाडी आणि ट्रेलर ओढून गावात आणल्यावर वेंडेलने सांगितलं, "गिअरबॉक्स गेला." ते खोटं नव्हतं. फक्त आधी काय गेलं ते त्यात नव्हतं.

पुढचं काम हायरम टॉलिव्हरकडे, घाटापलीकडे. बावीसशे गाभण मेंढ्या. त्या व्यायला लागायच्या आत कातरून व्हायला हव्यात. व्यायला लागल्या की कोणी त्यांना हात लावू देत नाही. म्हणजे टोळी तिथे पोहोचायला हातात अकरा दिवस.

दुसऱ्याच सकाळी त्याचा मेहुणा ग्रेडी दारात उभा. ग्रेडी वळूंची पैदास करायचा, आणि सगळ्या जगाला सल्ला द्यायचा.

"चला दाजी, शेरिडनला. गाडी घेऊन येऊ."

"अरे, आधी बघायला तरी नको का, कसली हवी?"

"कसली म्हणजे? ओढणारी! बाबांनी त्याच घाटातून तीस वर्षं हा ट्रेलर नेला. एकदा टायर फुटला नाही की गिअरबॉक्स गेला नाही. तुम्ही सहा वर्षांत गाडी मोडलीत. आता तुम्हाला दणकट पाहिजे."

वेंडेलने टोपी घातली.

शेरिडनच्या शोरूममधला कोल्टन हा विक्रेता फार सभ्य होता. त्याने दोघांना कॉफी दिली आणि विचारलं, "सर, तुमचा ट्रेलर किती वजनाचा आहे?"

"नऊ हजार पौंड," वेंडेल म्हणाला. सासरे नेहमी हाच आकडा सांगायचे.

"मग काही प्रश्नच नाही. ही चंदेरी बघा. डिझेल. अठरा हजार ओढते. तुमच्या दुप्पट."

"आणि ती पांढरी?"

"ती पेट्रोल. तीही ओढेल. घाटात जरा ओरडेल, पण दुरुस्ती सोपी. थंडीत लगेच सुरू होते."

"म्हणजे पेट्रोल चांगलं?"

"रोज ओढायचं असेल तर डिझेल चांगलं."

"आम्ही वर्षातले चार महिने ओढतो."

"मग…" कोल्टन क्षणभर अडला, "दोन्ही चांगल्या आहेत, सर."

मग त्याने विचारलं, मागे एकेरी चाकं हवीत की दुहेरी? हौदा लांब की आखूड? मागच्या आसाचं गिअर-गुणोत्तर कोणतं? वेंडेल प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि तोंडाशी आली की ती गिळली जायची. ती नक्की काय होती, हेही त्याला धड कळत नव्हतं. इतकंच कळत होतं की सगळे ओढण्याबद्दल बोलतायत, आणि ते ऐकताना आपल्या तळहातांना घाम सुटतोय.

"आज घेत नाही," तो म्हणाला.

"दाजी!" ग्रेडी करवादला. "अहो, नवरी निवडायला इतका वेळ नव्हता लावला तुम्ही."

"तिनं मला निवडलं होतं," वेंडेल म्हणाला. आणि ते खरंच होतं.

त्याची बायको जोलीन स्पोकेनला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. जुळं झालं होतं. एरवी असल्या गोष्टी ती दहा मिनिटांत उरकायची. दुपारी त्याने तिला फोन लावला, तर मागून दोन्ही बाळांचा टाहो.

"अगं, पेट्रोल घेऊ की डिझेल?"

"वेंडेल, तू झाडू आणायला गेलास तरी मला दुकानातून फोन करतोस. माझ्या दोन्ही हातात पोरं आहेत. तुला काय वाटतं ते घे."

"मला काही वाटतच नाहीये. तोच तर घोळ आहे."

"काय झालंय रे? खरं सांग."

"गिअरबॉक्स गेला."

"ते तू कालच सांगितलंस," ती म्हणाली. तेवढ्यात एक बाळ ओकलं आणि फोन बंद झाला.

पुढचे तीन दिवस वेंडेल विचारत सुटला. केंड्रिकच्या खानावळीत सकाळी जे म्हातारे पाई खात बसतात, त्यांच्या पिकअपच्या तीन कंपन्यांवरच्या श्रद्धा चर्चइतक्याच पक्क्या. एकाने सांगितलं, इंजिन त्यांचं घे, पण गिअरबॉक्स त्यांचा घेऊ नकोस. जणू दोन्ही सुटे मिळतात. दुसरा म्हणाला, नवं डिझेल म्हणजे नुसती कटकट, धुराची नळी तुंबते आणि गाडी मधेच रुसते. जुनं घे. तिसरा म्हणाला, जुनं म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, दुहेरी चाकांशिवाय ट्रेलर ओढणं म्हणजे आत्महत्या. पोस्टातली बाई म्हणाली, तिचा भाऊ दुहेरी चाकं घेऊन बर्फात अडकला तो दुसऱ्या दिवशी सापडला. वेंडेल प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणायचा, आणि त्या क्षणी त्याला ते खरंच बरोबर वाटायचं. घरी पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात पाचसहा पिकअप एकमेकींवर चढलेल्या असायच्या.

ग्रेडीने एक काळी गाडी बघून ठेवली होती, त्याच्या मित्राची. ती इतकी उंच उचललेली की वेंडेलला चढताना दाराची चौकट धरावी लागली.

"आवाज ऐका, दाजी!"

"ऐकला. पण ग्रेडी, ट्रेलरची मान इतक्या वर कशी टेकवायची? ट्रेलर मागे कलेल की."

"मग ट्रेलर उंच करा!"

घरी आला तेव्हा अंगणात एल्मेर कातरणीची पाती धार लावून रांगेत मांडत होता. वेंडेल त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसला.

"तुला काय वाटतं, एल्मेर? कोणती घेऊ?"

एल्मेरने पातं उजेडात धरून बघितलं. "मला मेंढ्यांतलं कळतं, मालक. गाड्यांतलं नाही." मग थोडं थांबून, पात्याकडेच बघत, तो म्हणाला, "टॉलिव्हरकडे मी या वेळी पोरांबरोबर व्हॅनमधून येतो. पोरांना रस्ता माहीत नाही."

पोरांना रस्ता चांगला माहीत होता. वेंडेल "बरं" म्हणाला आणि उठून घरात गेला. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सुरू ठेवून नुसता उभा राहिला. एल्मेर एका शब्दाने बोलला असता, शिवी दिली असती, तरी चाललं असतं.

सहाव्या दिवशी कोल्टनचा फोन आला. "सर, चंदेरी गाडी दिवसभर घेऊन जा. ट्रेलर जोडून बघा. मग ठरवा." हौद्याच्या मधोमध लोखंडी गोळा बसवलेलाच होता. त्यावर ट्रेलरची मान टेकवली, साखळ्या अडकवल्या, आणि वेंडेल एकटाच निघाला.

सपाटीवर गाडी अशी चालली की मागे ट्रेलर आहे हे आरशात बघितल्याशिवाय कळेना. गाणी लागली होती. बूड गरम करणारी सीट होती. हिच्यात काही खोट नाही, असं वेंडेलने स्वतःला तीनदा सांगितलं. आठव्या मैलाला घाटाच्या पायथ्याची पाटी दिसली, पुढे तीव्र चढ-उतार, खालच्या गिअरमध्ये चालवा. आणि त्याचा पाय आपोआप उचलला गेला.

त्याने गाडी कडेला घेतली. हात ओले झाले होते. मागून एक लाकडाचा ट्रक आला, हॉर्न वाजवून वर चढून गेला. वेंडेल दहा मिनिटं तिथे बसला. गाडी चांगली आहे हे त्याला पटत होतं, रस्ता तोच सहा वर्षांचा होता, हवाही स्वच्छ होती, आणि तरी चावी फिरवायला हात जाईना. शेवटी त्याने गाडी वळवली. कोणी बघत नाही ना, हे बघून वळवली.

परतीच्या वाटेवर जनावरांच्या लिलावाचं आवार लागतं. तिथल्या वजनकाट्यावर ओपल टिब्बेट्स बसायच्या. ओपलबाई सत्तरीच्या. एकतीस वर्षं गुरांचे मोठे ट्रक चालवून आता काट्याच्या खोपटात बसून विणकाम करायच्या. आज लिलाव नव्हता, आवार मोकळं होतं. वेंडेल गाडी फिरवून श्वास घ्यायला म्हणून आत शिरला, आणि ओपलबाईंना वाटलं वजन करायला आला. त्यांनी हात हलवून त्याला थेट काट्यावर बोलावलं. नाही म्हणायचं त्याला सुचलं नाही.

त्यांनी आधी सगळं मिळून तोललं, मग फक्त ट्रेलरची चाकं, मग ट्रेलर सोडून नुसती पिकअप. खिडकीतून कागद पुढे केला.

"ट्रेलर पंधरा हजार आठशे साठ."

"नऊ हजार," वेंडेल म्हणाला.

"काटा मागच्याच महिन्यात तपासून गेलेत."

"पण सासरे नेहमी नऊ…"

"हार्लनने बांधला तेव्हा असेल नऊ. पत्र्याचा तळ कोणी घातला?"

वेंडेलने मान खाली घातली. "मी. लाकडी कुजला होता."

"जनरेटर?"

"मोठा मीच बसवला. पाण्याची टाकीही मीच."

"आणि पहिल्यापासून हार्लनचं लोखंड रेल्वेच्या रुळाएवढं." त्या बाहेर आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि चंदेरी गाडीचं दार उघडलं. दाराच्या खांबावर एक चिकटवलेला कागद होता, ज्यावर वेंडेलची नजर आजवर कधी गेली नव्हती. "हे वाच. माणसं आणि सामान मिळून दोन हजार ऐंशी पौंड. तुझ्या ट्रेलरची नुसती मान हौद्यावर बत्तीसशे टेकतेय. तू बसायच्या आधीच गाडी भरली."

"पण ती अठरा हजार ओढते म्हणाला."

"ओढेल की. ओढायला काय. पाठीवर घ्यायचं ते वेगळं, आणि आवरायचं ते त्याहून वेगळं."

मग त्या ट्रेलरच्या चाकांशी वाकल्या. गुडघे कडकडले. पुढच्या आसाच्या ब्रेक-ड्रमवर त्यांनी बोट फिरवलं, मागच्या आसाच्या ड्रमवर फिरवलं, आणि खाली हात घालून ब्रेकला वीज नेणारी एक वायर ओढून काढली. तिचं टोक हिरवं पडलेलं, मधेच उंदरांनी कुरतडलेलं.

"पुढचे दोन बघ. निळे पडलेत. तापून तापून. मागचे दोन गंजलेत, वर्षानुवर्षं लागलेच नाहीत ते." त्या उठून उभ्या राहिल्या. "वेंडेल, गिअरबॉक्स नंतर गेला ना? आधी ब्रेक गेले."

वेंडेलने ती वायर हातात घेतली. मग एकदम बोलायलाच लागला. जळका वास, पेडल, तीन वळणं, एल्मेरने सपाट रस्त्यावर लावलेले दगड, सगळं. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला आणि त्याला त्याची लाज वाटली.

"मला वाटलं मलाच चालवता येत नाही. सासरे तीस वर्षं…"

"हार्लनचं मला माहीत नाही," ओपलबाई म्हणाल्या, "मी त्याच्याबरोबर कधी बसले नाही. माझं सांगते. माझे ब्रेक दोनदा गेलेत. दुसऱ्या वेळेनंतर आठवडाभर मी गाडीला हात लावला नाही. नवऱ्याला सांगितलं पाठ दुखतेय."

वेंडेलने त्यांच्याकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या.

"मग मी घेऊ तरी कोणती?"

"ते मला नको विचारू. वजन कळलंय, आता त्या चिटोऱ्यावरचे आकडे वाचत फिर. आणि आधी या ट्रेलरचे ब्रेक कर. गाडी कसलीही घे, हा मागून ढकलतच राहणार."

वाटलं होतं की आता डोकं स्वच्छ होईल. झालं उलटंच. आधी त्याला काही माहीत नव्हतं, आता थोडं माहीत झालं होतं. दोन दिवस तो पिकअपची दारं उघडून खांब वाचत हिंडला. किराणा दुकानाबाहेर एका अनोळखी गाडीचं दार उघडताना मालकाने पकडलं, तेव्हा झाली ती वेगळीच फजिती. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या, आणि दोन खांबांवर दोन आकडे. गुबगुबीत सीट आणि काचेचं छत असलेली कमी वजन घ्यायची. साधी, रबरी तळाची जास्त घ्यायची. कोणी हे त्याला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि त्यानेच ऐकलं नव्हतं?

गाडी शेवटी सापडली ती केंड्रिकच्याच बोअरवाल्याच्या आवारात. म्हातारा धंदा बंद करत होता. मोहरीच्या रंगाची, मागे दुहेरी चाकं, डिझेल, एक लाख अठरा हजार मैल झालेली. एका दारावर पोच. आत मातीचा वास. बारा वर्षं तिने बोअरचे लोखंडी पाइप डोंगरांत नेले होते. खांबावरचा आकडा पाच हजारांच्या वर होता.

वेंडेलने मग तो प्रश्न विचारला. अडखळत विचारला, पण विचारला. "उतारावर कशी आहे?"

बोअरवाल्याने त्याला वेड्यात काढलं नाही. तो आत बसला आणि एक बटण दाखवलं. "हे दाबलं की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं. पायाचे ब्रेक उरतात अडीनडीला. मी उतरताना पेडलला क्वचितच पाय लावायचो."

ग्रेडीने गाडी बघितली आणि खो खो हसला. "दाजी! ही? गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत हिच्यावर. बाबांना बघवलं नसतं."

"ग्रेडी," वेंडेल म्हणाला, "त्या दिवशी ब्रेक गेले होते. गिअरबॉक्स मी मोडला, गाडी थांबवायला. एल्मेर माझ्या शेजारी होता. आम्ही दोघं मेलो असतो."

ग्रेडीचं हसू जागच्या जागी थिजलं. "तुम्ही बोलला नाहीत."

"कसं बोलू? तू म्हणाला असतास, बाबांचे तीस वर्षांत गेले नाहीत."

ग्रेडी गाडीच्या हौद्याला टेकून उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. बराच वेळ त्याने बुटाने खडी उकरली.

"बाबा घाटातून जातच नव्हते," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"ट्रेलर घेऊन नाही. उत्तरेकडून जायचे. माँटानातून वळसा मारून, एकशे ऐंशी मैल जास्त. म्हणून तर एकटे निघायचे, पहाटे, आणि पोहोचायचे संध्याकाळी. तुम्हाला व्हॅनमधून पुढे पाठवायचे. मी लहान असताना दोनतीनदा होतो बरोबर. बिलिंग्सला मला आइस्क्रीम घ्यायचे आणि सांगायचे, घरी कोणी विचारलं तर घाटातून आलो म्हणायचं."

वेंडेल त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत होतं? आणि इतकी वर्षं तू मला…"

"मी इतक्या वेळा घाट म्हणालो, दाजी, की मलाच खरं वाटायला लागलं होतं." ग्रेडीचे कान लाल झाले होते. "चुकलं माझं. तुम्ही सहा वर्षं खरंच घाटातून जाताय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

राग यायला हवा होता. तो आला, पण सासऱ्यांवर यावा की ग्रेडीवर, हे ठरेना, आणि ठरेपर्यंत ओसरला. त्याच्या डोळ्यांसमोर हार्लन आले, दगडासारखा माणूस, हातात आइस्क्रीमचा कोन घेऊन पोराला गप्प बसवणारा. हसावं की रडावं कळेना. वेंडेलने मोहरी गाडी घेतली.

उरलेले दोन दिवस तो आणि एल्मेर ट्रेलरखाली आडवे होते. नव्या वायरी, नवे ड्रम, चारही चाकांना नवे ब्रेक. बोलणं पान्यापुरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वेंडेल ट्रेलरखालूनच म्हणाला, "एल्मेर, त्या दिवशी तुला मी सांगायला हवं होतं. की मी घाबरलो होतो."

"मला दिसत होतं, मालक," खालूनच उत्तर आलं. "तुम्ही गावात गिअरबॉक्स म्हणालात, तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, मालक ब्रेकचं विसरणार."

सोमवारी उजाडताना टोळी निघाली. एल्मेरने पिशवी व्हॅनमध्ये टाकली. वेंडेलने मान गोळ्यावर टेकवली, साखळ्या ओढून बघितल्या, दिवे बघितले. मग मोहरी गाडीत बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. चौकातून डावीकडे घाट, उजवीकडे उत्तरेचा वळसा. आता तर हीही निवड होती. वळसा घेतला तर दुपारपर्यंत पोहोचणार नाही, पण त्यात लाज कसली? सासऱ्यांनी तीस वर्षं तेच केलं. घाट घेतला तर तो शहाणपणा, की हट्ट? त्याने ओपलबाईंना विचारायचा विचार केला. जोलीनला विचारायचा विचार केला.

शेजारचं दार उघडलं. एल्मेर पिशवीसकट आत चढला आणि पट्टा लावला.

"तू व्हॅनमधून येणार होतास ना?"

"ब्रेक मी बसवलेत. मग मीच नाही बसलो तर काय अर्थ?" एल्मेरने समोर बघितलं. "कुठून जायचं, मालक?"

"तुला काय वाटतं?"

"मला मेंढ्यांतलं कळतं."

वेंडेलने डावीकडे वळवली.

चढ गाडीने कुरकुरत पण न थांबता काढला. माथ्यावर बर्फ अजून गुडघाभर होतं. वेंडेलने गाडी थांबवली आणि दोघांनी उतरून सगळ्या चाकांना हात लावून बघितलं. ओपलबाईंनी सांगितलं होतं, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच्या एक खालच्यात उतर, आणि मागच्यांची पर्वा करू नकोस. त्याने गिअर टाकला, बटण दाबलं आणि गाडी सोडली. इंजिनातून घोगरा, दमेकऱ्यासारखा आवाज निघाला आणि मागून कोणीतरी कंबरेला धरून ठेवावं तशी गाडी रेंगाळत उतरायला लागली. ताशी वीस मैल. तळहात ओलेच होते. पहिल्या वळणाला वास आल्याचा त्याला भास झाला. त्याने एल्मेरकडे बघितलं.

"येतोय वास?"

एल्मेरने हुंगलं. "कॉफीचा. तुमच्या शर्टावर सांडलीय."

मागे गाड्यांची रांग लागली होती, त्यातली शेवटची टोळीची व्हॅन. कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मधल्या मोकळ्या जागी वेंडेल पुन्हा थांबला, रांग पुढे जाऊ दिली आणि ड्रमना हात लावले. गरम होते, पण हात टिकत होता. एका गाडीवाल्याने जाताना काच खाली करून त्याला शिवी हासडली. वेंडेलने टोपीला हात लावला.

अडतीस मिनिटांत घाट उतरला. पूर्वी तो पंधरा मिनिटांत उतरायचा.

टॉलिव्हरच्या गोठ्यावर पोहोचले तेव्हा मेंढ्या आत घेतलेल्या होत्या, एकमेकींना चिकटून, पोटं भरलेली. टोळीने बोळाचे कठडे उभे केले, जनरेटर सुरू झाला, आणि एल्मेरने पहिली मेंढी मागच्या पायांवर बसवून गुडघ्यांत धरली. लोकर पोटावरून एका अखंड गोधडीसारखी सुटत गेली.

हायरम टॉलिव्हर मोहरी गाडीभोवती एक चक्कर मारून वेंडेलपाशी आला. "मीही बघतोय एक. चारा वाहायला. तू ही कशी निवडलीस?"

वेंडेलने तोंड उघडलं. गाडीमुळे उतरलो, की ब्रेकमुळे, की हळू उतरल्यामुळे, की शेजारी माणूस बसल्यामुळे, हे त्याचं त्यालाच उमगलेलं नव्हतं. उद्या एखादी पांढरी पेट्रोलवाली हेच काम करून दाखवील, असंही त्याला मनातून वाटत होतं.

"बरीच लांबड आहे," तो म्हणाला. "तुझा ट्रेलर किती वजनाचा?"

"सात हजार," टॉलिव्हर ठामपणे म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

टॉलिव्हर विचारात पडला. आतून एल्मेरने दुसरी मेंढी मागितली, आणि वेंडेल बोळाचं फाटक उघडायला गेला.